नाव घेऊन

श्रावणातल्या एका दमट संध्याकाळी काढ्यासाठी मिरे आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो होतो. या दुकानात काही जिन्नस अजून कागदात बांधून मिळतात. घरी येऊन पुडीचा दोरा सोडला. आधी मिऱ्यांचा वास आला आणि मागोमाग जुन्या छापील कागदाचा. कागद कुठल्याशा दिवाळी अंकाचा होता. एका बाजूला साबणाची जाहिरात, दुसऱ्या बाजूला अर्धी कविता. कवीचं नाव फाटलेल्या भागात गेलं होतं. आधण गॅसवर तसंच उकळत राहिलं आणि मी कागद हातात धरून बसलो. दोन हजार वर्षांपूर्वी रोममधल्या एका कवीनं नेमकी हीच धास्ती बोलून दाखवली होती.

होरेसनं उतारवयात सम्राट ऑगस्टसला एक लांबलचक पद्यपत्र लिहिलं. त्याच्या अखेरीला तो म्हणतो की कुणी माझ्यावर निकृष्ट स्तुतिकाव्य रचलं, तर त्या कवीसकट माझीही रवानगी धूप, अत्तरं आणि मिरी विकणाऱ्या गल्लीत होईल, पुड्यांचा कागद म्हणून. मिरी तेव्हा रोमला समुद्रापलीकडून, आपल्याच किनाऱ्यांवरून जात होती. लाल समुद्रावरच्या मायोस होर्मोस बंदरातून हिंदुस्थानाकडे १२० जहाजं निघतात, असं होरेसचा समकालीन स्ट्रेबो लिहून गेला आहे.

हे पत्र लिहिलं गेलं त्याचं कारणही ऐकण्यासारखं आहे. होरेस आपल्या पद्यपत्रांतून मित्रांशी बोलायचा, पण सम्राटाला उद्देशून त्यात काहीच नव्हतं. ऑगस्टस त्यामुळे दुखावला. माझ्याशी घरोबा होता हे पुढच्या लोकांना कळलं तर तुला कमीपणा येईल असं वाटतं काय, असं त्यानं होरेसला विचारल्याचं चरित्रकार सुएटोनियसनं नोंदवलं आहे. अर्ध्या जगाचा धनी असलेल्या माणसाला एवढंच हवं होतं की या कवीनं आपलं नाव घेऊन आपल्याशी बोलावं.

होरेसची आणि माझी गाठ मुंबईत पडली. मी बार्शीहून शिकायला आलेलो, वसतिगृहात राहणारा. फाउंटनच्या फूटपाथवर एक लाल कापडी बांधणीचं छोटं पुस्तक सापडलं. लोब ग्रंथमालेतलं, सी. ई. बेनेट यांचा १९१४ सालचा अनुवाद. डाव्या पानावर लॅटिन, उजव्या पानावर इंग्रजी. पहिल्या पानावरचं आधीच्या मालकाचं नाव कुणीतरी खोडलं होतं. ते पुस्तक पुढे माझ्या नोकरीतल्या सगळ्या बदल्यांत बरोबर आलं, त्याच्या समासांत पेन्सिलीच्या खुणा वाढत गेल्या, आणि उजव्या पानावरून डाव्या पानावर पोचायला मला अर्धं तारुण्य लागलं.

पोचायला मदत केली ती शाळेतल्या वृत्तांनी. लॅटिन कविता आपल्या मंदाक्रांता-शार्दूलविक्रीडितासारखीच लघु-गुरूंवर चालते. जोडाक्षरामागचं अक्षर आपण गुरू धरतो, तसंच तिथंही दोन व्यंजनांमागचं अक्षर जड होतं. हे एकदा कानात बसलं आणि डावं पान बोलू लागलं. होरेसनं सॅफो आणि अल्कियस या लेस्बोस बेटावरच्या ग्रीक कवींची वृत्तं लॅटिनमध्ये आणली. त्याच्या पहिल्या पुस्तकातल्या पहिल्या नऊ कविता नऊ निरनिराळ्या वृत्तांत आहेत. एखाद्या तरबेज वादकानं बैठकीच्या आरंभालाच आपले सगळे ताल दाखवावेत, तसं ते वाटतं.

वृत्तं मला ज्या सरांनी शिकवली त्यांच्या वाड्याला एक दगडी ओटा होता. दुकान वाढवलं की अण्णा, माझे वडील, मला तिथं सोडायला येत आणि शिकवणी संपेपर्यंत ओट्यावरच बसून राहत. टोपी गुडघ्यावर, धोतराला वाळल्या मिरचीचा आणि गुळाचा वास. खिडकीतून मला त्यांचे ओठ हलताना दिसत. आम्ही आत जो लगक्रम म्हणत होतो, तो ते बाहेर पुटपुटत. अण्णांची शाळा चौथीत सुटली होती. आयुष्यात मी पुष्कळ काही विसरलो, पण ते हलणारे ओठ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

होरेसचा बाप गुलामगिरीतून सुटलेला माणूस होता. इटलीच्या दक्षिणेकडे व्हेनुसिया नावाच्या गावी, इ.स.पू. ६५ मध्ये, होरेस जन्मला. बापाची छोटी जमीन होती आणि धंदा होता लिलावातल्या वसुलीचा. घेणाऱ्याकडून पैसे गोळा करायचे, विकणाऱ्याला पोचते करायचे, मध्ये आपली थोडी दलाली. अण्णा बार्शीच्या बाजारात एका अडत दुकानात दिवाणजी होते. लिलाव झाला की खरेदीदाराकडून वसुली, मग हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी. त्यामुळे होरेसच्या बापाचा धंदा मला कुठल्या टिपेतून समजून घ्यावा लागला नाही.

गावातल्या शाळेत सैनिकांच्या अधिकाऱ्यांची पोरं जात. बापानं होरेसला त्या शाळेत घातलं नाही, थेट रोमला नेलं आणि प्रत्येक शिक्षकाकडे स्वतः बरोबर गेला. पोराचा राखणदार म्हणून कुणी नोकर ठेवण्याऐवजी तो आपणच उभा राहिला. मोठेपणी लोक होरेसला सुटलेल्या गुलामाचा पोर म्हणून हिणवत, तेव्हा त्यानं एका कवितेत उघड लिहिलं की आईबाप पुन्हा निवडायची संधी मिळाली, तरी मी हेच निवडीन. ही कविता मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून वसतिगृहाच्या गच्चीवर गेलो होतो.

या बापाची शिकवण्याची रीतही होरेसनं सांगितली आहे. नीतीची तत्त्वं सांगणं हे पंडितांचं काम, असं म्हणून तो पोराला माणसं दाखवायचा. अमक्याच्या मुलानं बापाची इस्टेट कशी उडवली बघ. तमका काय करतो ते बघ आणि तसा वाग. प्रत्येक गोष्टीला एक चालतंबोलतं माणूस. अण्णांचंही तसंच होतं. बाजारातून जाताना ते हळूच म्हणत, "तो काट्यावर उभा आहे ना, त्याच्या मापाला कुणी बोट लावणार नाही. आणि तो पलीकडचा, पागोटेवाला, त्याला तीन वर्षं झाली, भावाशी बोलत नाही." सत्य, प्रामाणिकपणा, असले शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकलेले नाहीत.

रोमन भावकवितेतलं शहाणपण म्हणून जे काही आहे ते, माझ्या मते, या रस्त्यावरच्या शिकवणीतून आलं आहे. इ.स.पू. २३ मध्ये होरेसची तीन पुस्तकं एकत्र बाहेर आली, एकूण ८८ कविता. त्यातल्या बहुतेक कुणाला तरी हाक मारून सुरू होतात किंवा मध्येच कुणाकडे तरी वळतात. पोस्टुमसला तो वर्षं निसटत चालल्याचं सांगतो. डेलियसला मन समतोल ठेवायला सांगतो, आणि हा डेलियस यादवी युद्धांत पुन्हापुन्हा बाजू बदलणारा म्हणून सगळ्या रोमला माहीत होता. सुवर्णमध्याचा उपदेश लिसिनियसला आहे. बहुतेक अभ्यासक याला मुरेना मानतात, होरेसचा आश्रयदाता मेसिनस याचा मेहुणा. कवितेनंतर थोड्याच काळात, इ.स.पू. २२ मध्ये, ऑगस्टसविरुद्धच्या कटात तो मारला गेला. म्हणजे ज्या ओळींचं पुढे सुभाषित झालं, त्या मुळात धोक्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका माणसाचा दंड धरून सांगितलेल्या होत्या.

त्यातली मला सर्वांत जवळची कविता पॉम्पियस नावाच्या मित्रासाठी आहे. होरेस अथेन्सला शिकत असताना ब्रूटस तिथं आला आणि हा विशीतला मुलगा त्याच्या सैन्यात सामील झाला. इ.स.पू. ४२ मध्ये फिलिपीच्या रणांगणावर त्यांचा पक्ष हरला. परत येईपर्यंत बाप गेला होता आणि जमीन जप्त झाली होती. होरेसनं सरकारी खजिन्यात कारकुनी मिळवली आणि कविता लिहायला लागला. पॉम्पियस मात्र पुढेही वर्षानुवर्षं लढाईच्या लाटांत भरकटत राहिला आणि शेवटी माफी मिळून घरी आला. त्याच्या स्वागताच्या कवितेत होरेस मोकळेपणानं कबूल करतो की मी ढाल टाकून पळालो होतो. मग म्हणतो, ये, माझ्या झाडाखाली पाठ टेक, पेला भरून ठेवला आहे. हरलेल्या माणसानं हरलेल्या माणसाला दिलेला हा विसावा मला कुठल्याही तत्त्वज्ञानापेक्षा मोठा वाटतो.

म्हणूनच माझा एक राग आहे आणि तो मी पुष्कळ वर्षं जपला आहे. 'कार्पे डिएम' हे होरेसचे दोन शब्द आज चहाच्या मगांवर, टी-शर्टांवर, डायऱ्यांच्या पुठ्ठ्यांवर छापलेले असतात आणि आजचा दिवस उपभोगा, एवढ्यावर त्याची बोळवण होते. ती कविता अवघी आठ ओळींची आहे. तीत ल्युकोनोई नावाची एक स्त्री आहे. आपलं आणि कवीचं आयुष्य किती उरलं आहे हे तिला बाबिलोनी ज्योतिषाच्या आकड्यांवरून काढायचं आहे. बाहेर थंडीतला समुद्र खडकांवर आपटतो आहे. घाबरलेल्या एका माणसाला शेजारी बसवून, समोरचं काम हातात देऊन, लांबच्या आशेला कात्री लावायला सांगणारी ही कविता आहे. ल्युकोनोईला खोडून टाकलं, की मगावर मावेल एवढंच उरतं.

नाव खोडल्यानं याहून मोठं नुकसान झालेलं आहे. होरेसच्या तिसऱ्या पुस्तकाच्या आरंभी सहा गंभीर कविता आहेत. या कविता तो कुणा एका मित्राला सांगत नाही. रोममधल्या साऱ्या मुलामुलींसाठी, उद्याच्या पिढीसाठी तो गातो. देशासाठी मरणं गोड आहे, ही ओळ यांपैकी दुसऱ्या कवितेतली आहे. जो स्वतः ढाल टाकून जिवंत परतला आणि जिवंत परतलेल्या मित्राला ज्यानं पेला भरून दिला, तोच हा कवी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती ओळ इंग्रज मुलांना शाळाशाळांतून पढवली गेली, सॅन्डहर्स्टच्या लष्करी विद्यालयाच्या प्रार्थनामंदिरात भिंतीवर कोरली गेली. १९१७ मध्ये विल्फ्रेड ओवेन या तरुण अधिकाऱ्यानं खंदकातल्या विषारी वायूनं गुदमरणारा सोबती पाहिल्यावर त्या ओळीला जुनं असत्य म्हटलं. ४ नोव्हेंबर १९१८ ला, युद्ध थांबायच्या एक आठवडा आधी, तो मारला गेला. तेव्हा तो २५ वर्षांचा होता. माझ्या पुस्तकात त्या पानावर एकही खूण नाही. मला वाटतं, तिथं होरेसला समोर माणूस दिसत नव्हता, फक्त पिढी दिसत होती.

नाव हरवलेल्या माणसांचा विषय निघाला की मला तेरला जाऊन यावंसं वाटतं. तेर बार्शीपासून लांब नाही. अण्णा आम्हाला गोरोबाकाकांच्या दर्शनाला न्यायचे आणि परतताना तिथल्या संग्रहालयात. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर शेतांतून, पांढरीतून वेचलेल्या वस्तूंचं ते संग्रहालय. तिथं हस्तिदंताची एक लहान स्त्रीमूर्ती आहे, दागिन्यांनी लगडलेली. अण्णा तिच्यापुढे थांबत. कुणी घडवली असेल, कुणाला विकली असेल, काय भावानं, हे त्यांचे प्रश्न. दिवाणजीला सुचावेत असेच. पुढे कळलं की १९३८ मध्ये पाँपेईच्या एका घरात तशीच, सुमारे २५ सेंटीमीटर उंचीची हस्तिदंती मूर्ती सापडली, आणि तिच्या जवळच्या बहिणी म्हणून अभ्यासक भोकरदन आणि तेर इथल्या मूर्तींकडे बोट दाखवतात. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत ती गाडली गेली, होरेस गेल्यावर ऐंशीहून अधिक वर्षांनी. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या 'पेरिप्लस'मध्ये तेरचं नाव तगर असं येतं. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. तिथला माल गाड्यांवरून भडोचच्या बंदरात जाई.

आणि होरेसनं हिंदुस्थानी हस्तिदंताचा उल्लेख केला आहे, तो नको म्हणण्यासाठी. इ.स.पू. २८ मध्ये ऑगस्टसनं पॅलाटिन टेकडीवर अपोलोचं देऊळ बांधून वाहिलं. त्या प्रसंगीच्या कवितेत होरेस विचारतो, कवीनं देवाकडे काय मागावं? सार्डिनियाचं पीक नको, सोनं नको, हिंदुस्थानचा हस्तिदंत नको. मला ऑलिव्ह, चिकोरीची पानं आणि हलका पाला पुरे. आहे ते उपभोगायला धड शरीर दे, शाबूत मन दे, आणि म्हातारपण लाजिरवाणं नको, गाण्यावाचूनचंही नको. दुसरीकडे एका पद्यपत्रात तो गरिबीच्या भीतीनं थेट हिंदुस्थानापर्यंत धावणाऱ्या व्यापाऱ्याबद्दल बोलतो. त्या व्यापाऱ्याच्या वाटेच्या या टोकाला माझं गाव होतं, हे मला कळलं तेव्हा अण्णा हयात होते. मी त्यांना हे सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "मग तो बाजार कळणारा माणूस होता. किती हवं ते ठरवून दुकानात शिरणारा."

होरेसच्या काव्यावर लिहिलेल्या ज्या पानांतून मी गेलो आहे, त्यांत एवढं नेमकं वाक्य मला भेटलं नाही.

होरेसच्या आधीच्या पिढीत व्हेरोनाचा कॅटलस होऊन गेला. त्याला माप हा शब्द ठाऊक नव्हता आणि तो जेमतेम तिशीत गेला. त्याच्या कविता आज आपल्यापाशी आहेत, त्या व्हेरोनात १३०० च्या सुमारास पुन्हा उजेडात आलेल्या एका हस्तलिखितामुळे. तेही नंतर हरवलं, पण त्याच्या नकला उरल्या. कॅटलसचा भाऊ ट्रॉयच्या परिसरात वारला आणि तिथंच त्याची राख राहिली. कॅटलस समुद्र ओलांडून त्या जागी गेला, आणि त्याची भावावरची कविता भावाशीच बोलते. राख उत्तर देणार नाही हे त्याला माहीत आहे. तरीही तो भावाविषयी लोकांना काही सांगत बसत नाही. तो भावालाच हाक मारतो.

अण्णा गेले तेव्हा फोनवर संदेशांची रीघ लागली. आत्म्याला शांती, न भरून येणारी पोकळी. तीच वाक्यं, त्याच क्रमानं, एका हातातून दुसऱ्या हातात आलेली. पाठवणाऱ्यांची माया खरी होती, तरी त्यातलं काही माझ्यापर्यंत पोचलं नाही. तिसऱ्या दिवशी बाजारातले एक म्हातारे हमाल आले. ओट्यावर बसले. त्यांनी मला घरातल्या नावानं हाक मारली आणि म्हणाले, "तुज्या बाची पट्टी कदी चुकली न्हाई. रडून घे. मग दोन घास खा." मी रडलो आणि मग जेवलो.

त्या रात्री मी होरेसची व्हर्जिलसाठी लिहिलेली कविता काढली. क्विंटिलियस हा दोघांचा मित्र. कवितेत चूक दिसली की हे दुरुस्त कर, तेही दुरुस्त कर, असं तोंडावर सांगणारा. इ.स.पू. २४ च्या सुमारास तो गेला आणि व्हर्जिल कोसळला. होरेस त्याला प्रथम रडण्याची मुभा देतो. एवढ्या लाडक्या माणसासाठी रडायला लाज कसली, हा त्याचा पहिला सूर. मग व्हर्जिलचं नाव घेतो आणि सांगतो की ऑर्फियसहून गोड वाजवलंस तरी त्या सावलीत रक्त परत येणार नाही. हे कठीण आहे. पण जे बदलता येत नाही ते सोसल्यानं हलकं होतं. त्या हमालांनी होरेस वाचलेला नव्हता. पण त्यांनी सांगितलं ते त्याच क्रमानं: आधी रडणं, मग सोसणं.

होरेसला सॅबाइन टेकड्यांतलं शेत दिलं ते मेसिनसनं. एका कवितेत होरेसनं त्याला वचन दिलं होतं की तू गेल्यावर मी मागे राहणार नाही. इ.स.पू. ८ मध्ये मेसिनस वारला. मृत्युपत्रात त्यानं ऑगस्टसला लिहिलं होतं की माझी ठेवशील तशीच होरेसची आठवण ठेव. त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला, जेमतेम दोन महिन्यांनी, होरेसही गेला. दोघांना एस्क्विलाइन टेकडीवर शेजारी शेजारी पुरलं आहे.

रोमन कवितेतलं शहाणपण शोधायला निघालेल्या वाचकाला मी एवढंच सांगेन. त्या कवितांमधली वचनं वेगळी काढून घरी नेऊ नका, ज्याला उद्देशून ती आहेत त्याच्या शेजारी बसून ऐका. आणि तुमच्यापाशी कुणासाठी धीराचा, सावधगिरीचा किंवा मायेचा एखादा शब्द असेल, तर तो सगळ्यांना पाठवू नका. त्या एका माणसाकडे जा, त्याचं नाव घ्या आणि तो असेपर्यंत सांगा.